सासऱ्यांसमोर गायलेलं रॉक अँड रोल

सासऱ्यांची वाचा गेली त्या दिवशी अक्कलकुव्याचा बाजार होता. डोंगरातल्या गावांतून आलेली माणसं दुकानाच्या पायरीपर्यंत दाटली होती आणि बापूजी एका बाईला लुगड्याचा काठ उलगडून दाखवत होते. बोलता बोलता त्यांच्या तोंडून नुसती घरघर आली आणि लुगडं हातातून गळून पडलं. दुकानातला जुना माणूस ओरडला, "सेठ, काय व्हयनं? बोला ना!" आम्ही दुकानाच्या वरच राहतो. मी जिना उतरून आले तेव्हा ते गादीवर कलंडले होते. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

गाडी नवऱ्याने काढली. मागे सासूबाईंच्या मांडीवर बापूजींचं डोकं, पुढे मी. सुरतेच्या वाटेवर ट्रकांची रांग लागली होती आणि नवरा हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मला बापूजींना विचारायचं होतं, हात हलतोय का? पण मी ते सासूबाईंना विचारलं, आणि सासूबाईंनी त्यांना. तशा धावपळीतही माझा पदर नाकाच्या खाली होता.

आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांना चहा दिला, औषधं दिली, त्यांच्या नातवंडांना जन्म दिला. पण एक शब्द थेट त्यांच्याशी बोलले नव्हते. "बापूजींना सांगा, जेवण झालंय," असं मी मुलांना सांगायची, आणि बापूजी समोरच बसून ते ऐकायचे. त्यांनी माझा चेहरा लग्नाच्या फोटोत पाहिला असेल, तेवढाच.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि भाषा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट तुटली आहे. गिऱ्हाइकाशी भिलीत, नोकराशी अहिराणीत, व्यापाऱ्याशी गुजरातीत आणि घरात मारवाडीत बोलणारा हा माणूस आता फक्त "हां... हां..." करत होता. पाणी हवं असलं तरी हां, पंखा बंद करायचा असला तरी हां. आम्ही चुकीची वस्तू पुढे केली की ते डाव्या हाताने ती भिरकावायचे. एकदा स्टीलचा पेला माझ्या मुलीच्या कानाजवळून गेला. त्यानंतर मुलं त्या खोलीत जाईनात.

शेजारच्या घरात काकोसा, म्हणजे बापूजींचे धाकटे भाऊ, राहतात. ते रोज संध्याकाळी यायचे, भावाकडे बघायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, "खाली दुकान उघडं असताना हा आवाज गिऱ्हाइकांच्या कानावर जायला नको. दार लावून ठेवत जा." दार लावलं जाऊ लागलं. मी स्वयंपाकघरात असले तरी माझे कान त्या दाराकडे असायचे. आतून काही आदळल्याचा आवाज आला तर भीती, आणि काहीच आला नाही तर जास्त भीती.

एका दुपारी रस्त्यावरून लग्नाची वरात गेली. पुढे डीजेची गाडी होती. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, म्हणून सासूबाई आणि मी खिडकी लावायला आत धावलो. बापूजी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर ठेका धरून होते. वरातीचा नव्हे, दुसराच. आणि मग ते गायले. इंग्रजी गाण्याची अख्खी ओळ, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. तिच्यात दोनदा "बेबी" होतं.

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. दारात काकोसा उभे होते. ते म्हणाले, "संपलं. डोकंही गेलं."

मला मात्र ती चाल कळली. शहाद्याला कॉलेजात असताना आम्हाला भौतिकशास्त्र शिकवणारे सर गिटार वाजवायचे. गॅदरिंगसाठी त्यांनी आम्हा चौघींना रॉक अँड रोल शिकवलं होतं. तीनच कॉर्ड, ठरलेल्या क्रमाने फिरून फिरून येणारे. खिडकीबाहेर कापसाने भरलेल्या गाड्या जायच्या आणि सर सांगायचे की या संगीताची मुळंही कापसाच्या शेतातली आहेत. अमेरिकेत काळ्या मजुरांनी राबताना म्हटलेली गाणी, त्यांच्या चर्चमधल्या टाळ्या. पुढे शहरात गिटारला वीज जोडली गेली आणि गोऱ्या घरांतली पोरंही त्यावर नाचायला लागली. तेव्हा आईबापांना वाटलं, आता पोरं हातची गेली. आम्हाला ते ऐकून हसू यायचं. आमच्या गॅदरिंगला माझ्या वडिलांनी फक्त पहिलं गाणं होईपर्यंत थांबायची परवानगी दिली होती, तरीही हसू यायचं.

त्या दिवशी काकोसा गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "बापूजींना हे कुठून येतं?"

भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बडोद्याला शिकायला होते. होस्टेलच्या पोरांबरोबर गायचे, केस वाढवले होते. कुणीतरी घरी कळवलं. माझे सासरे स्वतः जाऊन घेऊन आले, परीक्षासुद्धा देऊ दिली नाही. दुसऱ्या महिन्यात आमचं लग्न. मला हे नणंदेने सांगितलं. त्यांनी कधीच नाही."

"तुमच्यासमोर कधी गुणगुणलेही नाहीत?"

"मंदिरातसुद्धा नाही."

सुरतेच्या स्पीच थेरपिस्टला मी ते व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती मुलगी खुर्चीत सरळ झाली. गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतं, म्हणाली. त्याच चालीत रोजचे शब्द घाला, त्यांच्या डाव्या हाताने ठेका धरायला लावा. "आणि गाणाऱ्याचं तोंड त्यांना दिसलं पाहिजे. ओठ बघूनच ते उचलतील."

नवऱ्याने प्रयत्न केला. तो इतका बेसूर गायला की बापूजींनी उशी फेकली. सासूबाईंनी स्तवन म्हणून पाहिलं. बापूजींनी डोळे मिटून घेतले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि लगेच बघायचे थांबले.

"लोक काय म्हणतील," सासूबाई म्हणाल्या. मी खोलीत गेले, पलंगासमोर स्टूल ओढलं आणि पदर मागे सारला. तेवढ्यात काकोसा आले. त्यांनी माझा उघडा चेहरा पाहिला, "या घरात आता माझं काम नाही," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्यापेक्षा वाईट म्हणजे बापूजींनीच भिंतीकडे तोंड फिरवलं. शब्द गेले होते, पण रीत गेली नव्हती. मी त्यांच्या पाठीकडे बघून गायले. चाल त्यांची, शब्द माझे: पाणी, चहा, पंखा. पाठ हलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गाताना माझा आवाज फाटला. मला राग आला, त्यांचा आणि सगळ्यांचाच. मी गाणं थांबवून लाडवांच्या रिकाम्या डब्यावर नुसता ठेका धरला, जोरात, खाली दुकानात ऐकू जाईल इतका. दारात सासूबाई आल्या. मला वाटलं, त्या डबा काढून घेतील. त्या पलंगाला वळसा घालून गेल्या, बापूजींच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, "वळा. मी सांगते आहे, वळा."

ते वळले. डोळे खाली होते. मग हळूहळू वर आले, माझ्या ओठांवर थांबले. डावा हात पलंगावर पडायला लागला. मी गायले, "पाणी द्या." त्यांचं तोंड उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी तेच पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि चौथ्या की पाचव्या फेरीला माझ्या आवाजाखाली दुसरा आवाज आला, "पा... णी."

सासूबाई पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

आता काही महिने झालेत. बापूजी छोटी वाक्यं बोलतात, निम्मी चालीत, निम्मी सरळ. बाजाराच्या दिवशी ते थोडा वेळ गादीवर बसतात. रंगांची नावं अजून येत नाहीत, बोटाने दाखवतात. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नाही. काकोसा आमच्याकडे दिवाळीलाही आले नाहीत. दोन घरांमधलं गच्चीचं दार त्यांनी बंद करून घेतलं आहे. सासूबाईंनी मला पदराबद्दल काही सांगितलेलं नाही. पाहुणे आले की मी तो ओढते, आणि बापूजींच्या खोलीत सोडते. आपण नक्की काय मोडलं आणि काय राखलं, याचा मला अजून अंदाज येत नाही.

परवा सराव करताना मी घाईत होते, खाली मुलांची व्हॅन यायची होती. बापूजींनी डावा हात वर केला. मला वाटलं, दुखतंय कुठेतरी.

"बींदणी," ते म्हणाले. बींदणी म्हणजे सूनबाई. चाल नव्हती, ठेका नव्हता. मला थेट मारलेली ती त्यांची पहिली हाक. "पळू नको. ताल... जातो."

मी सॉरी म्हटलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.