मागून पाहिलेले तुकडे

प्रयोगशाळेतल्या संगणकावर एकेक ठिपका उमटत होता आणि माझी लेक मृणाल श्वास रोखून बघत होती. आपल्या हातांसारखे रेणूही डावे-उजवे असतात, हे तिनंच मला सांगितलं होतं. औषधात एक बरं करतो, दुसरा घात करू शकतो आणि दिसायला दोघं जुळे. म्हणून ती लेसरच्या झोताने रेणू फोडते आणि उडालेले तुकडे समोरच्या पडद्यावर कुठे आदळले, त्यावरून डावा की उजवा ते ओळखते.

"उजवा!" ती म्हणाली आणि तिनं फळ्यावर लिहूनही टाकलं.

तिचा सहकारी सादिक हलकेच म्हणाला, "मृणाल, कॅमेरा काल पडद्यामागे हलवलाय ना गं आपण?"

ती थिजलीच. मागून टिपलेलं चित्र डावं-उजवं उलटवून घ्यायचं असतं, ते राहून गेलं होतं.

मी खुर्चीत अवघडले. कुणाचा संसार मोडला की आमच्या सोसायटीतही हेच चालतं. तुकडे कुठे पडले ते बघायचं आणि बोलून मोकळं व्हायचं, चूक तिचीच, नाहीतर त्याचीच. आपण कुठल्या बाजूने बघतोय, हे विचारायला सादिक नसतो.

मृणालनं तळहातानेच 'उजवा' पुसलं आणि 'डावा' लिहिलं. ज्यांच्याबद्दल हा निकाल होता, त्यांतला एकही रेणू आता शाबूत नव्हता.