सोपानरावांच्या खात्यातून गेलेले युरो

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. पगार, शुगर, चोरून ओढलेली सिगारेट, सगळं तिला ठाऊक आहे. एवढं एकच राहिलं. सांगायला बसतो, उठतो, चहा टाकून येतो, परत बसतो. तुम्ही मला ओळखत नाही हे एका परीने बरंच आहे. तरी मित्र समजूनच बोलतो, नाहीतर बोलणं व्हायचं नाही.

सुरुवात माझ्या हुशारीपासून करावी लागेल. चाकणला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी अठरा वर्षं खरेदी आणि हिशेब सांभाळतो. आमचे शेठ इथल्याच गावचे. जमीन कंपन्यांत गेली, त्या पैशात त्यांनी जुनी परदेशी ग्राइंडिंग मशीनं घेतली. मशीनं भक्कम, पण त्यांचे सुटे भाग इथे मिळत नाहीत. ते जर्मनीतून, इटलीतून मागवायचे आणि पैसे युरोत पाठवायचे. ते पाठवणं माझ्याकडे.

तुम्ही कधी परदेशात पैसे पाठवलेत का? डोकं फिरतं. पेपरात युरोचा भाव एक, बँकेचा दुसराच. वर पाठवणावळ. मध्येच कुठली तरी तिसरी बँक — जिचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं — आपला वाटा कापून घेते, आणि विकणारा कळवतो की वीस युरो कमी आले. माझ्या खिशातून जात होते का? नाही. पण माझा जळफळाट व्हायचा. तीन-तीन बँकांना फोन करायचो, एकीचा भाव दुसरीला सांगून भांडायचो, कुठल्या वारी भाव बरा असतो ते वहीत टिपून ठेवायचो. शेठ आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ह्यो मानूस बँकेच्या घशातनं पैसं काडतो, व्हय!" मला ते आवडायचं. फार आवडायचं. त्यातला एक रुपया मी कधी खाल्ला नाही, हेही सांगतो. आणि सांगताना माझी मलाच लाज वाटते, कारण त्याने काहीच हलकं होत नाही.

आता सोपानराव. त्यांच्याकडे वळायला मी मुद्दाम उशीर करतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सोपानराव परभणीकडचे. पिंपळे गुरवला दोन खोल्यांत ते, बायको आणि एकुलती मुलगी वैष्णवी. आमच्या मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर त्यांच्याइतका साफ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. आमच्याकडे मशीनवर फोन न्यायला बंदी आहे. एकाचं बोट गेलं तेव्हापासून. शिफ्टला येताना सगळे आपापले फोन माझ्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात आणि सुटताना घेऊन जातात. सोपानरावांनी तर लॉक उघडायचा आकडाही मला सांगून ठेवला होता. "सायेब, घरून फोन आला तर उचलत जा. लेकरू एकटंच कागदं घेऊन फिरायलंय."

लेकरू म्हणजे वैष्णवी. इंजिनियर झालेली, आणि आता पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीच्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळालेला. बँकेने शैक्षणिक कर्ज मंजूर केलं होतं. सोपानरावांनी पेढे वाटले तेव्हा त्यांना त्या विद्यापीठाचं नाव नीट घेता येत नव्हतं, तरी प्रत्येक टेबलापाशी थांबून ते घेत होते. त्यांच्या खात्याचं ऑनलाइन काम मीच सुरू करून दिलं. त्यांना ईमेल नव्हता, म्हणून माझाच टाकला. ते करताना बँकेचा एक नियम वाचला — शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या पैशांना भावात सूट, आणि पाठवणावळ माफ. तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

पंधरा दिवसांत मोठ्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे चाक फिरवणारा मुख्य दांडा, गेला. तसाच जुना स्पिंडल जर्मनीतल्या एका म्हाताऱ्याकडे सापडला. तो स्वतःच्याच नावाने असले भाग विकायचा. कंपनीच्या खात्यातून पाठवायचे तर कागदांची चळत, आठवडाभराचा वेळ आणि तो नेहमीचा कापाकापीचा भाव. मी काय केलं? कंपनीचे पैसे सकाळी सोपानरावांच्या खात्यात टाकले आणि दुपारी त्यांच्याच खात्यातून त्या म्हाताऱ्याला पाठवले. कारणाच्या रकान्यात लिहिलं — विद्यार्थिनीच्या खोलीचं भाडं आणि अनामत. म्हातारा झाला घरमालक. ओटीपी क्रेटमधल्या फोनवर आला. मी लॉक उघडलं, आकडे वाचले, टाकले. मग पैसे आल्याचा मेसेज पुसला, गेल्याचाही पुसला, आणि फोन होता तसा पालथा ठेवला. काचेपलीकडे सोपानराव बंद मशीन फडक्याने पुसत होते.

त्यांना विचारलं का नाही? विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. पण हो म्हणण्याआधी त्यांनी मुलीला विचारलं असतं, आणि ती नाही म्हणाली असती. हे मला त्या दुपारीही ठाऊक होतं.

साडेसहा हजार रुपये वाचले. स्पिंडल आला, बसला. सोपानरावांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा मला आणून दिला. मी खाल्ला.

नंतर बँकेचा मेल आला — माझ्याच पत्त्यावर, कारण पत्ता माझाच होता ना. ज्या व्यक्तीला पैसे गेले ती मशीनचे भाग विकते असं दिसतं. भाडेकरार सादर करा किंवा खुलासा द्या, तोपर्यंत या खात्यातून परदेशी पैसे पाठवता येणार नाहीत. मी वाचला आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी परत उघडला, परत बंद केला. आपोआप निवळेल असं वाटत होतं का? की शेठसमोर माझी हुशारी उघडी पडेल याची भीती होती? भीतीच होती. नोकरी जाईल याची कमी. ते जे बोट दाखवून कौतुक व्हायचं, ते जाईल याची जास्त. बारा दिवस मी काहीच केलं नाही.

तेराव्या दिवशी वैष्णवीची फी भरायची होती. तिची मुदत संपायला चार दिवस उरले होते. वैष्णवीने ऑनलाइन फॉर्म भरला, पण पैसे जाईनात, म्हणून सोपानराव अर्धी रजा टाकून सांगवीच्या शाखेत गेले, आणि मला सोबत घेऊन गेले. मी असलो की त्यांना धीर वाटायचा. कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी. वैष्णवी फाइल छातीशी धरून आली होती. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, "आधीच्या एका व्यवहाराचा खुलासा बाकी आहे." सोपानराव माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "तुम्ही बसा, मी बोलतो."

ते दोघं बाकावर जाऊन बसले. आणि त्या मुलीने मला हळू आवाजात सगळं सांगितलं. फार काही नव्हतं. खातेदाराने खरं काय ते लिहून द्यायचं, की पैसे अमुक कामासाठी गेले, कारण चुकीचं टाकलं. साहेबांकडे लगेच पाठवते म्हणाली, दोन दिवसांत मोकळं होईल. दोन दिवस. मुदत चार दिवसांची होती. मला फक्त त्या बाकापर्यंत चालत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं.

मी बाकापर्यंत गेलो. आणि बोललो ते हे — "वैष्णवीने फॉर्म भरताना काहीतरी चूक केलीय. कारणाचा रकाना चुकलाय."

का? तिचं नाव का? सोपानराव माझ्याकडे बघत होते, तीही बघत होती, आणि तोंडातून तेच निघालं. ठरवून बोललो नाही. पण निघाल्यावर परतही घेतलं नाही. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "काका, मी दोनदा तपासला होता." मी म्हणालो, "होतं असं. घाईत होतं." माझा आवाज समजुतीचा होता. तो मला अजून ऐकू येतो.

पुढचे चार दिवस मी धावपळीचं सोंग केलं. बँकेत अर्ज दिलाय, वर गेलाय, साहेब रजेवर आहेत. सोपानराव म्हणाले, मेव्हण्याच्या खात्यातून पाठवू का? मी म्हणालो, कर्जाचे पैसे आहेत, ते याच खात्यातून जावे लागतात. तेवढं मात्र खरं होतं. पाचव्या दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं — जागा दुसऱ्याला दिली, पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येईल. त्या दिवशी सोपानराव कामावर आले, क्रेटमध्ये फोन ठेवला आणि म्हणाले, "एवढं शिकवलं, अन् एक फॉर्म धड भरता येइना पोरीला. रात्री लई बोललो तिला. आई मरून पडल्यावानी रडली." मी बिलं लावत होतो. मान वर केली नाही.

महिन्याभराने मी एक पत्र टाइप केलं, इंग्रजीत — माझ्या अज्ञानामुळे पैसे पाठवण्याचं कारण चुकीचं दिलं गेलं, खाली खातेदाराची सही. सोपानरावांसमोर ठेवलं. खातं मोकळं करायला लागतंय म्हणालो. त्यांनी न वाचता सही केली, वर "तुम्ही हायेत म्हणून बरं हाय सायेब" म्हणाले. बँकेने प्रकरण मिटवलं. म्हणजे बँकेच्या कागदावर चूक सोपानरावांची, त्यांच्या घरात वैष्णवीची. माझं नाव कुठेच नाही.

पुढच्या वर्षी तिने अर्ज केला नाही. सोपानराव कर्ज परत काढायला तयार होते, मीही पुढे होऊन आग्रह केला — केला, खरंच, आणि तेवढ्याने स्वतःला बरं वाटून घेतलं. ती म्हणाली, नको, परत काहीतरी चुकवीन. चाकणच्याच एका कंपनीत ती स्टोअरमध्ये लागली. आलेल्या मालाची नोंद करते. वरच्या जागेसाठी दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा नाही म्हणाली. जबाबदारी नको म्हणते. पूर्वी ती अशी नव्हती. वडिलांबरोबर पेढे वाटायला आली होती तेव्हा शेठनाही हसवून गेली होती.

परवा रविवारी सकाळी ती थेरगावला आमच्या घरी आली. कंपनीतून आरोग्यविम्याचा फॉर्म दिला होता. आईवडिलांची नावं घालायची, एवढाच. दोन पानं. तिने सगळा आधी पेन्सिलने भरला होता. बायकोने पोहे केले. वैष्णवी खुर्चीच्या कडेवर बसली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "काका, एकदा बघून द्या ना. माझ्याकडून चुका होतात."

मी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचला. एकही चूक नव्हती. बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तेव्हा सांगता आलं असतं. तिघंच होतो घरात. मी म्हणालो, "बरोबर आहे."

"नक्की ना, काका?"

"नक्की."

मग तिने तिथेच बसून पेन्सिलीवरून पेन फिरवलं, एकेक अक्षर, ओठ घट्ट मिटून. झाल्यावर फॉर्म पिशवीत ठेवला, उठली, आणि निघताना वाकून मला नमस्कार केला.

मी पाय मागे घेतले नाहीत.