लेखणीच्या चोरांचे वकील

"बाई, शपथेवर सांगा. तुमचा नवरा मूर्ख आहे काय?"

खामगावच्या कोर्टात, भर दुपारी, ओळखीच्या पन्नास माणसांसमोर हा प्रश्न मला विचारला गेला. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात नवरा उभा होता. विचारणारा सरकारी वकील नव्हता, आमचाच होता, नवऱ्याचा सख्खा आतेभाऊ. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात त्यांच्याइतका तऱ्हेवाईक वकील झाला नाही. होऊही नये, कारण दोन असते तर कोर्ट बंद पडलं असतं.

मी त्यांना भाऊजी म्हणत असे. ते फक्त लेखणीच्या चोरांचे खटले घेत. खोट्या सह्या, बनावट पावत्या, अफरातफर. बांधावरून डोकी फोडून कोणी आला की त्याला दारातूनच परत पाठवत. मला म्हणत, "कुऱ्हाडवाला रागात करते, वहिनी. लेखणीवाला जेवून, पान खाऊन, निवांत बसून करते. त्याचं काम पाहासारखं राह्यते." बायका साडी उजेडात धरून बघतात तसा ते कागद धरत. लग्नपत्रिका आली तरी आधी शाई बघत, मग मुहूर्त. मे महिन्यातही काळा कोट सोडत नसत. कोटाखाली ओला पंचा गुंडाळत, त्यामुळे ते उठले की खुर्ची पुसावी लागे. बाजारात माळणीला विचारत, "मेथी सकाळची आहे हे तुम्ही सोता पाह्यलं, का कोणाकडून ऐकलं?" ती म्हणे, "वकीलसाहेब, घ्यायची तर घ्या, नाही तर माही मेथी वाळून राह्यली." आमच्याकडे जेवायला बसले की म्हणत, "भाजीत मीठ कमी आहे असं माझं म्हणणं नाही. तसा पुरावा आहे." एकदा मी मिठाची वाटीच पानात उलटी केली. "पुरावा नष्ट केला वहिनींनी," म्हणाले आणि जेवले.

पण खरं वेड वेगळंच होतं. पक्षकार आला की त्याचं रडगाणं ऐकत नसत. पुढ्यात कागद-दौत ठेवत आणि म्हणत, "ज्या गुन्ह्याचा आळ आहे, तो मले करून दाखवा." डोणगावकडच्या सोसायटीचा एक सेक्रेटरी आला होता, सभासदांच्या सह्या मारल्याचा आळ घेऊन. त्याने बसल्या बसल्या चार सह्या अशा काढल्या की त्या चौघांच्या बायकाही फसल्या असत्या. भाऊजींनी उठून त्याला मिठी मारली. मग म्हणाले, "कबूल करा. असा हात असल्यावर मी खोटं बोलू शकत नाही." अशा वकिलाची वकिली चालणार कशी? घरी कौलं गळत होती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा पाळी आमच्यावर आली. आमचे हे एका जिनिंग फॅक्टरीत कारकून. मॅनेजरच्या सहीच्या गेटपासवर कापसाच्या गाठी बाहेर गेल्या. मॅनेजर म्हणाला, सह्या माझ्या नाहीत, कारकुनाने मारल्या. नोकरी गेली, पोलीस येऊन गेले, तुरुंग ठरल्यासारखाच होता. नातेवाइकांनी दारावरून जाताना मान वळवायला सुरुवात केली. भाऊजी मात्र आले, आणि भावाच्या पुढ्यातही त्यांनी कागदच ठेवला.

"मॅनेजरची सही करा."

"भाऊ, हे पाप आहे."

"कर म्हणतो ना बे!"

यांनी समोर मॅनेजरची जुनी चिठ्ठी ठेवली आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून बसले. माझ्या भाकरी झाल्या तरी सही चालूच. शेवटी कागद पुढे केला. सही कसली, बालबोध वळणाचं गोल गोल नाव, वाचता येईल असं. आणि त्याच्याखाली जन्माच्या कारकुनी सवयीने लिहिलेलं: "खरी नक्कल." खाली स्वतःची सही. खाली तारीख.

मी हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी कागद उजेडात धरून बघितला. मग म्हणाले, "वहिनी, हा सुटला. पण तुम्हाले कोर्टात या लागते."

"मी काऊन? मी चौथी शिकलेली बाई."

"यानं कोर्टात हे असं लिहिलं तर सरकारी वकील म्हणते, नाटक करून राह्यला. घरीबी असाच आहे, हे कोणीतरी शपथेवर सांगा लागते. तुम्हाले मी विचारीन, मूर्ख आहे काय. तुम्ही हो म्हणा."

घरात 'हो' म्हणणं सोपं होतं. रोज म्हणतच होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दोन महिन्यांत या माणसाची नोकरी गेली होती, अब्रू गेली होती. बायको आपल्याला काय समजते तेवढं एक उरलं होतं, आणि तेच मला चारचौघांत काढून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "आहे."

"उदाहरण?"

"साहेबाले खोट्या तापाचा अर्ज लिहिला. लिहिलं, उद्यापासून दोन दिवस मले ताप येणार आहे, तरी रजा मिळावी."

मॅजिस्ट्रेटनी जिनिंगच्या फायलीतून तो अर्ज काढायला लावला. होता. कोर्ट हसलं, पट्टेवालाही हसला. मग त्यांनी यांना जागेवरच मॅनेजरची सही करायला लावली. सही झाली, आणि लेखणी आपोआप खाली सरकली. खरी नक्कल. सही. तारीख.

सुटले.

भाऊजींशी हे त्याच संध्याकाळी बोलले. माझ्याशी चार दिवस नाही. पाचव्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "तू ते मनापासून बोलली काय?"

"शपथेवर बोलली."

त्यावर त्यांनी बशीत आणखी चहा ओतला.

भाऊजींनी आमच्याकडून फी घेतली नाही. पुढची कित्येक वर्षं कमी मिठाचा पुरावा मात्र देत राहिले. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने एक कागद आणून दिला. वडिलांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता, म्हणाला. ओल्या पंचाने शाई पसरली होती, पण गोल गोल नाव आणि त्याखालची सही वाचता येत होती. यांना दाखवावा म्हटलं, तर हे त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते.

त्या दिवशी कोर्टात, पिंजऱ्यांत आणि पिंजऱ्यांसमोर, आम्ही तिघं उभे होतो. त्यातली आता मीच उरले आहे.