मेंदीचं कुंपण आणि आबा

आमच्या घराभोवतीची मेंदी खालून पोकळ झाली आहे, हे सगळ्यात आधी आबांच्या लक्षात आलं.

आबा म्हणजे माझे वडील. साक्रीकडच्या खेड्यात जन्मभर शेती केली. आई गेली आणि त्यांचा विसराळूपणा वाढत गेला, तशी मी त्यांना जळगावला, मेहरूणला आमच्या घरी आणलं. ते दिवसभर फाटकाशी उभे राहून गावची गाडी आली का विचारायचे. "माले घर जानं शे. साक्रीनी गाडी उनी का?" मी फाटकाला कुलूप लावलं. मग ते मेंदीतून जाऊ लागले.

कैक वर्षं कुणी छाटली नव्हती ती. वर माणसाच्या डोक्याइतकी उंच आणि दाट, खाली मात्र मनगटाएवढी नुसती खोडं. त्यांच्या मधून आबा वाकून निघून जायचे. एकदा रिक्षावाल्याने आणून सोडलं, एकदा बसस्टँडवरून मीच आणलं. मिस्टर नोकरीसाठी रोज फैजपूरला जात. दिवसभर मी एकटी. अंघोळीला जायचीसुद्धा भीती वाटायची.

नर्सरीवाला येऊन बघून गेला. "गुडघ्याइतकी ठेवून बाकी सगळी कापा ताई. त्याशिवाय बुडातून फुटणार नाही."

"आणि फुटेपर्यंत?"

"तोवर नेट बांधा."

दुसरा उपाय सुचत नव्हता. उन्हाळा तोंडावर होता, तरी थांबायला धीर नव्हता. मी आणि मिस्टरांनी दोन रविवार करवत चालवली. फांद्या मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टाकल्या आणि खुंटांवर हिरवी नेट ताणून बांधली. घर एकदम उघडं पडलं. रोज सकाळी मी वाकून एकेक खुंट बघायचे. कोंब नाही. नळाला पाणी दिवसाआड. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा मी तिथेच ओतत होते. ऊन असं, की दुपारपर्यंत माती पुन्हा पांढरी. पुढे पुढे तर मी त्या खुंटांशी भांडायलाच लागले. फुटा ना, फुटा एकदाचे.

एका दुपारी आबांचा डोळा लागला म्हणून मी जरा आडवी झाले. उठले तर खाट रिकामी आणि नेटची एक बाजू सुटलेली.

मला आधी घराजवळचा मेहरूणचा तलावच आठवला. पायात चप्पल नव्हती. काठाने धावत मी दिसेल त्याला विचारत होते, "म्हातारे गृहस्थ दिसले का? पांढरं धोतर?" पाण्याकडे बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेजारच्या अक्कांनी मुलाला बसस्टँडवर पिटाळलं. मिस्टर फैजपूरहून निघाले. कुठेच पत्ता नाही.

शेवटी अक्कांनीच हाक मारली. आबा मागच्या प्लॉटमध्ये होते. भर उन्हात त्या वाळक्या फांद्या ओढून आमच्या कुंपणाच्या उघड्या जागेत एकावर एक रचत होते. हात रक्ताळलेले, ओठ कोरडे पडून चिरलेले. मी दंड धरला तर हात झटकला.

"सोड! बठ्ठं वावर उघडं पडनं. ढोरं घुसतीन."

आणि तिथेच खाली बसले. अंग चटका बसावा इतकं तापलेलं होतं.

दवाखान्यातून आबा परत आले, पण पाय गेले ते गेलेच. आता त्यांना कुशीवर वळवायलाही दोघं लागतात. फाटकाला कुलूप लावत नाही. रस्त्याकडची मेंदी आषाढात बुडापासून फुटली, मागची बाजू वाळूनच गेली. नर्सरीवाला म्हणाला, तिथे नवी रोपं लावू. सकाळी चहाच्या आधी आबांची पाठ पुसते, पावडर लावते. कधी कधी ते माझं मनगट घट्ट धरतात आणि सोडतच नाहीत. मी तशीच वाकून उभी राहते.