चादरीच्या पलीकडच्या बाइदेउ

गाण्याआधी त्या डावा तळहात कानावर दाबायच्या. इस्त्रीच्या रोलरची घरघर चालू असायची, वाफेने चेहरा ओला झालेला असायचा आणि माझ्या हातात चादरीची दोन टोकं लोंबत असायची. आधी त्या स्वतःचा आवाज स्वतःला ऐकवायच्या, मगच उरलेली दोन टोकं उचलायच्या.

ओटाहुहू या उपनगरातल्या एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालत आम्ही तीन वर्षं समोरासमोर उभ्या होतो. मी नाशिकची. शिकायला परदेशात आले आणि डिप्लोमा झाल्यावर इथेच राहिले. त्या आसामच्या, साठीच्या आसपास. नवरा गेल्यावर मुलीने इकडे बोलावून घेतलं. दिवसभर घरात भिंती बघण्यापेक्षा चादरी बऱ्या, म्हणून कामाला लागल्या. आम्ही हिंदीत बोलायचो. दोघींचंही हिंदी लंगडं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘भोंटी’ म्हटलं. मला वाटलं, शिवी दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तोंड फुगवून होते. मग त्यांनीच समजावलं, “भोंटी म्हणजे धाकटी बहीण. आणि मी बाइदेउ, म्हणजे मोठी.”

दुसरा त्यांचा शब्द ‘होबो दे’. मशीन बंद पडलं, होबो दे. बस चुकली, होबो दे. पायात गोळे आले, तरी तेच. मला तो आपल्या ‘होऊ दे’सारखा ऐकू यायचा, आणि अर्थही जवळपास तोच निघाला.

खरं सांगायचं तर मला गाण्याची फारशी आवड नव्हती. सकाळी लाँड्री, दुपारनंतर कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, काउंटर. अंगात गाणं ऐकण्याइतकं त्राण उरायचं नाही. पण बाइदेउ गायला लागल्या की ओळ संपेपर्यंत कंबर दुखायची थांबायची. गाण्यातलं मला एवढंच कळतं. “गावाकडे गायचे थोडंफार,” यापलीकडे त्या स्वतःबद्दल सांगत नसत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, विचारलं की विषय बदलणारी. मी मनाशी ठरवून टाकलं की या बाईला जगात एकच चाहती आहे, आणि ती मी.

म्हणूनच आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांचं गाणं ठेवायचा घाट मी घातला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीतल्या एका हॉलमध्ये त्या सोनेरी रेशमी मेखेला, म्हणजे त्यांच्याकडची दोन तुकड्यांची साडी, नेसून उभ्या राहिल्या. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मागच्या बाजूला जेवणाचे डबे उघडले आणि खुर्च्या सरकायला लागल्या. माइक सांभाळणारा वाकून म्हणाला, “काकू, एखादं हिंदी येतं का? लोकांच्या ओळखीचं?” त्यांनी गाणं पुरं केलं, नमस्कार केला आणि खाली उतरल्या.

गाडीत मला रडू आलं. “बाइदेउ, चुकलं माझं.”

“एकदा मी गात होते आणि मंडपात पुराचं पाणी शिरलं,” त्या म्हणाल्या. “लोक खुर्च्यांवर चढले, पण ऐकत राहिले.” आणि मग, “इथे पाणी नव्हतं, पुलाव होता. पुलावापुढे कुणाचं चालतं? होबो दे.”

पण उरलेला रस्ता त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. पुढचे आठ-दहा दिवस त्या गायल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करायलाच हवं होतं; आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. मी फोन काढला. “आत्ताच रेकॉर्ड करून ठेवू.”

त्यांनी माझा हात खाली केला. “फोन नको. तू शीक.”

“मी? मला सूर नाही, बाइदेउ.”

“सूर नसलेलेच गाणं जसंच्या तसं जपतात. सूरवाले त्यात आपलं घालतात.”

पाच आठवडे होते. चादरीमागून चादर, एकेक ओळ. शब्द कळत नव्हते, मी नुसते घोकत होते. चुकलं की त्या आपलं टोक जोरात ओढायच्या आणि चादर माझ्या हातातून सुटायची. आमची सामोअन सुपरवायझर लांबून ओरडायची, “लेडीज!” शेवटच्या दिवशी मी गाणं सबंध म्हणून दाखवलं.

“वाईट आहे,” त्या म्हणाल्या. “पण पूर्ण आहे.”

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. उरली नुसती खरखर. त्या कामावर परतल्या नाहीत. मुलीने खूप समजावलं, तरी गावी निघून गेल्या. निरोपाला मी गेले तेव्हा कानाशी येऊन म्हणाल्या, “तिथे न बोललं तरी लोकांना कळतं.”

एका रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे सुपारीची झाडं, अंगण, आणि अंगणात पंचवीस-तीस बायका. बाइदेउ मधोमध वेताच्या मोड्यावर बसलेल्या. एकच शब्द बोलल्या, “गा.”

माझे हात कणकेचे. तशीच ओट्याशी उभी राहून गायले. पहिली ओळ संपते न संपते तोच अंगणातल्या सगळ्या बायकांनी दुसरी उचलली. सगळ्यांना पाठ होतं. मी गप्प झाले. त्यांनी गाणं शेवटपर्यंत नेलं. मग एक म्हातारी फोनजवळ येऊन हिंदीत म्हणाली, “हिच्या या गाण्याशिवाय आमच्याकडे लग्नं होत नाहीत. तुला ही कुठे भेटली?”

लाँड्रीत, असं सांगवेना. “कामावर,” म्हटलं. मागे बाइदेउ तोंडाला पदर लावून हसत होत्या. तीन वर्षं त्यांनी मला छान फसवलं होतं.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा मेसेज आला. आई गेली, झोपेतच.

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरकडे रजा मागितली. गेलेली व्यक्ती तुमची कोण, असा फॉर्मवर एक रकाना होता. मी पेन धरून उभी राहिले. मागे रोलर चालू होता, चादरी साठत होत्या. शेवटी तिनेच फॉर्म ओढून घेतला आणि न वाचता सही केली.

“गो होम, लव्ह,” ती म्हणाली. “किती दमलीयेस.”

मी घरी आले आणि बूटही न काढता झोपले. तो रकाना कोराच राहिला.