अर्धी भाकरी शिल्लक

गरिबीला पुराव्याची गरज नसते, असं मदत समितीच्या अध्यक्षांनी सात रस्त्याजवळच्या सभेत सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पुरावा बघायला आमच्या घरी आले.

बहात्तरचा दुष्काळ. सूत मिळत नव्हतं, गल्लीतले माग बंद होते. समिती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी फुकट वाटणार होती. मात्र ज्याच्या घरात काहीच नाही, त्यालाच. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्यांची तांब्या-पितळेची भांडी शेजारच्या शांतव्वाकडे गेली. दारात शेळी दिसली म्हणून शांतव्वाचं नाव यादीतून आधीच खोडलं होतं. तिच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"एकदा नाव खोडलं की लई निवांत असतंय बग," ती आईला म्हणाली. "आता कुणीबी येऊन बगू दे की."

आमचा माग मात्र तिच्याकडे नेता येईना. खड्डामाग तो, अर्धा जमिनीत. वडील गेल्यापासून आई त्यावर लुगडी विणायची.

अध्यक्ष चपलांसकट आत आले. सोबत समितीचे चौघे. दारात गल्ली जमलेली. मी दहा वर्षांची.

"पोरी, डब्यांची झाकणं काढ."

काढली. ज्वारीचा डबा रिकामा. डाळीचा रिकामा. प्रत्येक डब्यात ते वाकून बघत, आणि दारातले लोक त्यांच्याकडे. उपाशी असण्याची लाज मला कधी वाटली नव्हती. ते दाखवताना वाटली.

शेवटच्या डब्यात अर्धी भाकरी निघाली. आईनं माझ्या रात्रीसाठी ठेवलेली.

"शिल्लक राहते म्हणजे भागतंय की तुमचं," अध्यक्ष म्हणाले. चौघे हसले.

मी भाकरी उचलली आणि त्यांच्यासमोर उभ्यानं खाल्ली. कोरडी. घशात अडकत होती, तरी सगळी.

"आता न्हाय शिल्लक."

हसणं थांबलं. अध्यक्षांनी मागाकडे बोट केलं. "हा विका, मग या."

"साहेब, हा विकला तर उद्या सूत आल्यावर मी कशावर विणू?" आईनं विचारलं.

"ते पुढचं पुढं बघू. मागमालकाला मदत देता येत नाही."

माग ठेवला तर आज उपास. विकला तर जन्मभर हात पसरायचा. चौघांपैकी एक गृहस्थ जुने माग पडत्या भावात विकत घेत. ते मागाची लाकडं बोटानं वाजवून बघत होते.

आई खड्ड्यात उतरली आणि रिकाम्या मागावर जाऊन बसली. "न्हाय विकत," म्हणाली.

आमचंही नाव खोडलं गेलं. रात्री दोघी पाणी पिऊन झोपलो.

त्यानंतर मी कुणाच्याही सांगण्यावरून डब्याचं झाकण काढलं नाही. काढणारही नाही. ज्याला माझं घर तपासायचंय, त्यानं आधी आपलं गोदाम उघडावं.

समितीचं गोदाम पुढच्या पावसाळ्यात उघडलं. ज्वारी बरीच शिल्लक होती. तिला कीड लागली होती.