पालीची खबर

लातूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला मी एकदा भर दुपारी रस्त्यावर आणलं होतं, तेही एका पालीच्या सांगण्यावरून. नातवंडं विचारतात, पाल कुठल्या भाषेत बोलली? मला तेव्हा सगळ्याच भाषा येत होत्या.

भूकंपाला काही वर्षं झाली होती, पण नुसतं भांडं वाजलं तरी आम्ही दाराकडे बघायचो. जनावरांना आधी कळतं, असं कुणीतरी म्हणालं आणि मी लगेच आपलं एक जनावर नेमून टाकलं. परसातल्या जुन्या दगडी भिंतीत राहणारी बोटाएवढी, काळ्या ठिपक्यांची पाल. ट्यूबलाइटपाशी किडे टिपणारी घरातली पाल वेगळी. हिनं कधी उंबरा ओलांडला नाही. हिला दगडांतल्या फटीच लागायच्या. भूकंपाच्या धास्तीनं लोकांनी दगडमातीच्या भिंती पाडून सिमेंटच्या बांधल्या, तशी ही गल्लीत दिसेनाशीच झाली. आमच्याकडे तेवढी उरली होती. भांडी घासताना मी तिची हजेरी घ्यायचे. ती जागेवर, म्हणजे जमीन जागेवर.

त्या दुपारी ती सणकन बाहेर आली आणि माझ्या पायावरून गेली. मागोमाग आणखी एक. मग मी "भूकंप, भूकंप" करत जी सुटले ती थेट गल्लीच्या टोकाला. शेजारीण पिठाच्या हातानं आली, धाकटे दीर डोक्यावरच्या साबणासकट. सगळे उन्हात उभे. जमीन काही हलेना.

तेवढ्यात परसातून आमचे हे आले, हातात पहार. शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं लातुरात येऊन राहत होती. त्यांना भाड्यानं द्यायला खोल्या काढायच्या म्हणून हे मला न सांगताच भिंतीचं पलीकडचं टोक पाडायला लागले होते. वर मलाच विचारतात, "काय झालं गं?"

गल्ली हसत घरी गेली. सासूबाई मात्र उरलेल्या भिंतीवर जाऊन बसल्या. दगड बांधकामाच्या गुत्तेदाराला कबूल केलेत, असं ह्यांनी दोनदा सांगून बघितलं, पण त्या उठल्याच नाहीत. तेवढी भिंत वाचली आणि आमची एक खोली कमी झाली. मी चुलीपुढे तोंड लपवून बसले होते. तिथं येऊन त्या म्हणाल्या,

"खबर खरीच व्हती की गं. घर तिचं पडायलतं, अन् पळलीस तू."